वाचकांचे प्रश्न : हेल्मेट ऑर्किड सोलापुरात जगेल का?

प्रश्न : गच्चीवर ७५ टक्क्यांची शेडनेट आहे, उन्हाळ्यात डेझर्ट कूलरही लावतो. ऑस्ट्रेलियातलं हेल्मेट ऑर्किड (कोरिबास डायमेनिकस) यात होईल का? कंद कधी, कसे लावावेत?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : शेडनेट आणि कूलरवर हे रोप निभणार नाही. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम चालतो, पण बाहेर ४२ अंश असताना तो हवा २५-२६ च्या खाली क्वचितच नेतो. या ऑर्किडला वाढीच्या काळात दिवसा १६ ते २०, रात्री १० च्या आसपास तापमान लागतं. ते आग्नेय ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियातल्या ओलसर, सावलीच्या जागी वाढतं. जमिनीला टेकलेलं एकच हृदयाकृती पान आणि त्यावर जवळपास बिनदेठाचं एकच तांबूस-जांभळं फूल. फुलाचं मागचं दल फुगून पुढे वाकतं. तेच हेल्मेट.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. तिकडचे कंद डिसेंबर-जानेवारीत सुप्त असतात, तेव्हाच ते पाठवले जातात. मार्च-एप्रिलमध्ये ते फुटू लागतात, नेमके आपल्या उन्हाळ्याच्या तोंडावर. म्हणून रोप थंड ठेवणारं कपाट चालू स्थितीत असल्याशिवाय कंद मागवूच नका. कोल्ड्रिंकचा काचेच्या दाराचा जुना फ्रीज, त्याला वेगळा डिजिटल थर्मोस्टॅट, आत छोटा पंखा आणि रोज १०-११ तास मंद एलईडी एवढ्यावर काम होतं. फ्रीज हवा कोरडी करतो, म्हणून तळाशी पाण्याचा ट्रे ठेवाच. आर्द्रता ७० टक्क्यांखाली गेली की कळी उमलण्याआधीच काळी पडून सुकते. कळी धरूनही फूल न उमलण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

मिश्रणात जाड वाळू ५ भाग, पूर्ण कुजलेलं पानांचं खत ३ भाग आणि दोन-तीनदा धुतलेलं कोकोपीट २ भाग घ्या. आपल्याकडच्या वाळूत अनेकदा चुनखडीचे खडे असतात. मूठभर वाळूवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर ती वाळू नको. काळी माती तर अजिबात नको, ती पाणी धरून ठेवते आणि कंद कुजवते. बोअरचं पाणीही चालत नाही. साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं पाणी द्या.

कंद वाटाण्याएवढे असतात. ५ इंची प्लॅस्टिकच्या कुंडीत १०-१२ कंद, ३-४ सेंमी खोल, डोळा वर करून लावा. डोळा ओळखू आला नाही तर कंद आडवा ठेवा. वरून सुरूची वाळलेली पानं २-३ सेंमी कापून पातळ पसरा. त्यामुळे पाणी घालताना माती उडून पानावर बसत नाही. ही छोटी गोष्ट आहे, पण चिखल साचलेलं पान हमखास सडतं. पाणी सकाळी, कुंडीच्या कडेने द्या. मिश्रण कायम ओलसर हवं, चिखल नको.

सप्टेंबरनंतर पान पिवळं पडलं की घाबरू नका. तो जुना कंद संपल्याचा संकेत आहे. त्याच्या जागी नवा कंद आणि मुळांच्या टोकांना आणखी पिल्ले तयार झालेली असतात. पाणी हळूहळू तोडा, कुंडी घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी हलकासा फवारा मारा. पुनर्लागवड याच काळात करा. बुरशीनाशक उगाच ओतू नका, मातीतली काही बुरशी या रोपाच्या मुळांना अन्न पुरवते. रासायनिक खतही टाळा.

प्रश्न : कुंडीत पंधरा पानं आहेत, फूल मात्र एकच. काय चुकतं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : फार काही चुकत नाही. जंगलातल्या ताटव्यातही बहुतेक रोपं फक्त पानच देतात. कंद पुरेसा मोठा झाला तरच कळी धरतो. कुंडी दरवर्षी विस्कटू नका, दाटीत ही रोपं चांगली फुलतात. प्रकाश मात्र एकदा तपासा. पानाचा देठ लांबून पान मातीवरून उचललं गेलं असेल तर उजेड कमी पडतोय.

प्रश्न : ‘हेल्मेट ऑर्किडच्या १०० बिया’ ऑनलाइन स्वस्तात मिळतात. घ्याव्यात का?
– एक वाचक, अक्कलकोट रस्ता

उत्तर : नाही. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि योग्य बुरशीच्या सोबतीशिवाय किंवा प्रयोगशाळेतल्या माध्यमाशिवाय रुजत नाही. पाकिटात दिसण्याजोगे दाणे असतील तर ते ऑर्किडच नव्हे. परदेशातून कंद आणायचे तर आयात परवाना, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि साइट्सची (संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागदपत्रं लागतात. हात बसवायचा असेल तर आधी नर्सरीतलं स्पॅथोग्लॉटिस घ्या. तेही जमिनीतलं ऑर्किड आहे, दुपारची सावली आणि ओलावा मिळाला तर आपल्या उष्णतेत तग धरतं. सह्याद्रीतली एकपानी हबेनारिया (हेही जमिनीतलंच ऑर्किड) सुंदर असली, तरी ती डोंगरावरून उपटून आणू नका. कंद तुटला की ते रोप संपलंच.