लॅपटॉपची एसएसडी खरंच पाच वर्षांत संपते का? जास्त टिकावी म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपला चार वर्षं झाली, आत ५१२ जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क) आहे आणि दुकानदार म्हणतोय, 'पाच वर्षं होत आली, आता बदलून टाका.' घाई करू नका. पाच वर्षं ही बहुतेक चांगल्या एसएसडींची वॉरंटी असते, एक्स्पायरी डेट नव्हे. मी स्वतः कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात आहे, त्यामुळे असे सल्ले का दिले जातात तेही मला ठाऊक आहे. पण ते असो.

झीज होते हे खरं. एसएसडीतल्या प्रत्येक सेलमध्ये माहिती म्हणजे अडकवून ठेवलेले इलेक्ट्रॉन. लिहिताना आणि पुसताना ते ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरातून ये-जा करतात आणि दर खेपेला तो थर किंचित खराब होतो. नुसतं वाचल्याने जवळजवळ काहीच झिजत नाही. जुन्या, महागड्या एसएलसी प्रकारात (सेलमध्ये एकच बिट) एक सेल लाखभर वेळा पुसून लिहिता यायचा. आजच्या टीएलसीत (सेलमध्ये तीन बिट) हा आकडा साधारण एक ते तीन हजार, आणि स्वस्त क्यूएलसीत (चार बिट) काहीशे ते हजार.

हजार ऐकून घाबरायचं कारण नाही, कारण आतला कंट्रोलर (ड्राइव्हचं कामकाज चालवणारी चिप) लेखन सगळ्या सेलवर सारखं वाटत राहतो. कंपनी याचा हिशेब 'टीबीडब्ल्यू'मध्ये देते, म्हणजे एकूण किती टेराबाइट (एक टेराबाइट म्हणजे हजार जीबी) लिहीपर्यंत वॉरंटी लागू राहील. ५०० जीबीच्या चांगल्या टीएलसी ड्राइव्हला ३०० टीबीडब्ल्यू मिळतं. रोज २५ जीबी लिहिलं, आणि ऑफिसचं काम, ब्राउझर, सिनेमे एवढाच वापर असेल तर तेवढंही होत नाही, तरी ३०० टीबी व्हायला जवळजवळ ३३ वर्षं लागतील. क्यूएलसीत हिशेब आखडतो. क्रूशियल पी३ च्या ५०० जीबी मॉडेलला ११० टीबीडब्ल्यूच आहे, म्हणजे त्याच वेगाने बारा वर्षं. तोवर लॅपटॉपचं बिजागर तुटलेलं असेल.

हे आकडेही हात राखून दिलेले असतात. 'टेक रिपोर्ट' या साइटने २०१३ ते २०१५ या काळात २४०-२५६ जीबीचे सहा ड्राइव्ह मरेपर्यंत लिहून पाहिले. सगळे शेकडो टेराबाइटच्या पुढे गेले आणि सॅमसंग ८४० प्रो तर २,४०० टीबी ओलांडून गेला.

मग माझ्या टेबलावर मेलेल्या एसएसडी येतात त्या कशाने मरतात? झिजून मेलेली क्वचितच दिसते. एका हिशेबनिसाच्या ऑफिसातला डेस्कटॉप आला होता. यूपीएसची बॅटरी कधीच बसलेली, आणि लाइट गेली की मशीन धाडकन बंद. ड्राइव्हचं आरोग्य आदल्या महिन्यात ९७ टक्के दाखवत होतं, आणि आता बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, नावच येत नव्हतं. सेल धडधाकट होते, बिघाड कंट्रोलरच्या बाजूला. कुठला डेटा कुठल्या सेलमध्ये आहे याचा नकाशा कंट्रोलर सतत बदलत असतो. तो लिहिता लिहिता वीज गेली तर नकाशाच बिघडू शकतो. सर्व्हरच्या एसएसडीत यासाठी क्षणभर वीज पुरवणारे कपॅसिटर असतात, घरगुती ड्राइव्हमध्ये सहसा नसतात. म्हणून डेस्कटॉप असेल तर चालू स्थितीतला यूपीएस, आणि लॅपटॉपची बॅटरी मेली असेल तर ती बदलणं, हा माझ्या मते आयुष्य वाढवायचा पहिला उपाय आहे. पॉवर बटण दाबून धरून बंद करायची सवयही सोडा.

दुसरा शत्रू फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर. २०१९ मध्ये हेवलेट पॅकर्ड एंटरप्राइझने जाहीर केलं की त्यांच्या काही सर्व्हर एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील. तासांचा काउंटर तिथे भरत होता. एका अपडेटने प्रश्न मिटणार होता, पण तो आधी टाकायला हवा होता. तुमच्या ड्राइव्हच्या कंपनीचं सॉफ्टवेअर उतरवून वर्षातून एकदोनदा अपडेट बघा. बॅकअप घेऊन मगच टाका.

तिसरं, ड्राइव्ह गच्च भरू नका. एसएसडीला लिहिताना लहानशी जागा पुरते, पण पुसायचं तर मोठा ब्लॉकच पुसावा लागतो. पाटीवरची एक ओळ बदलायला अख्खी पाटी पुसून बाकीच्या ओळी दुसऱ्या पाटीवर उतरवण्यासारखं हे आहे. मोकळी जागा कमी असली की ही उतरवाउतरवी वाढते; तुम्ही एक जीबी लिहिता आणि आत दोन-तीन जीबी लिहिलं जातं. १५ टक्के तरी रिकामी ठेवा. विंडोजमधलं 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज'चं वेळापत्रक बंद करू नका. ते एसएसडीला डीफ्रॅग (फाइलींचे तुकडे एकत्र लावणं) नव्हे, ट्रिम देतं, म्हणजे कुठली जागा आता रिकामी समजायची ते सांगतं.

पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) बंद करा, ब्राउझरची कॅश हलवा, असले सल्ले सोडून द्या. रॅम ४ जीबी असेल आणि सतत तीसेक टॅब उघडे असतील तर मात्र विंडोज रॅमची कसर एसएसडीवर लिहून काढतं; तिथे रॅम वाढवणं दोघांच्याही फायद्याचं.

आता तुमच्या ड्राइव्हची अवस्था बघा. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडा. डावीकडे आरोग्याची टक्केवारी, उजवीकडे 'टोटल होस्ट राइट्स' आणि 'पॉवर ऑन अवर्स'. खालच्या यादीतले आकडे मूळ सेटिंगमध्ये हेक्साडेसिमल (सोळाच्या पद्धतीत) असतात, लोक ते वाचून उगाच घाबरतात. फंक्शन मेनूत अॅडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, तिथे दहाचा पर्याय निवडा. एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीचा) ड्राइव्ह असेल तर 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' शून्य हवं. 'अनसेफ शटडाउन्स' शेकड्यांत असेल तर वीजपुरवठ्याकडे बघा.

चार वर्षांनी ८० च्या वर टक्के आणि एरर शून्य असेल तर दुकानदाराला नमस्कार करा. एरर वाढत असतील, किंवा ड्राइव्ह अचानक फक्त वाचू देतोय, लिहू देत नाही असं झालं, तर रीस्टार्ट किंवा फॉरमॅटच्या भानगडीत न पडता आधी डेटा बाहेर काढा. काही ड्राइव्ह पुन्हा चालू केल्यावर दिसतच नाहीत.

आणि बदललीच, तर जुनी एसएसडी फोटोंचा साठा म्हणून कपाटात टाकून विसरू नका. वीज नसताना सेलमधला चार्ज हळूहळू गळतो, आणि उष्णतेत जास्त वेगाने. विदर्भातल्या मे महिन्यात बंद कपाट म्हणजे तिच्यासाठी वाईट जागा. पार झिजलेल्या घरगुती ड्राइव्हने बंद अवस्थेत ३० अंशांना वर्षभर डेटा टिकवावा, एवढीच जेडेक या चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. अशा कामाला जुनी फिरती हार्ड डिस्क बरी.