पणजीतल्या अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या टाइल्स पाहिल्या असतील, तर लिस्बनच्या टाइल संग्रहालयात वेगळं काय बघायला मिळेल?

लिस्बनला दोनच दिवस आहेत, त्यातला अर्धा दिवस या संग्रहालयाला द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर : जरूर द्या.

पणजीत फोंतेन्यास या जुन्या वस्तीतल्या घरांवर दिसतात त्या नावाच्या पाट्या बहुतेक अलीकडच्या. मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनातलं पोर्तुगीज टाइल-चित्रकार जॉर्ज कोलासोंचं निळं काम भव्य आहे, पण तेही विसाव्या शतकातलं. लिस्बनमध्ये त्याआधीची शतकं क्रमाने समोर येतात, आणि तीही माद्रे द देउश या जुन्या मठात, कारण संग्रहालय तिथेच आहे. पोर्तुगालच्या लिओनोर राणीने हा मठ १५०९ मध्ये स्थापन केला.

आत गेल्यावर आधी टाइल कशी बनते ते सांगणारं दालन नीट बघा. बरेच जण तिथून पटकन पुढे सरकतात, त्याचं मला वाईट वाटतं. भट्टीत झिलई, म्हणजे टाइलवरचा काचेसारखा थर, वितळली की शेजारचे रंग एकमेकांत मिसळतात. सगळी कारागिरी या अडचणीशी झगडत वाढली. सुरुवातीला रंगांच्या मधे मँगनीज आणि तेलाची काळी रेघ ओढत. मग साच्याने ओल्या मातीवर बारीक कड उठवू लागले. त्यानंतर इटलीकडून कथिलाच्या पांढऱ्या झिलईवर थेट कुंचल्याने रंगवायची रीत आली. कच्ची झिलई रंग लगेच शोषून घेते, त्यामुळे रेघ चुकली तर पुसायची सोय नाही. हे डोक्यात ठेवून पुढची चित्रं बघा, एकेका रेघेवर नजर थांबते.

आपल्यासाठी खास म्हणजे सतराव्या शतकातली, चर्चमधल्या वेदीची दर्शनी पॅनेल्स. त्यांवरची फुलं, वेली, पक्षी भारतीय सुती कापडाच्या नक्षीवरून घेतलेत. वेदीपुढे लावायच्या उंची कापडाची जागा टाइलने घेतली, अगदी काठासकट. मी तिथे बराच वेळ उभा होतो.

आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर टाइल्सवर रंगवलेलं लिस्बनचं मोठं चित्र. लांबी सुमारे २३ मीटर, काळ इ.स. १७०० च्या आसपासचा. नदीकाठचं पूर्ण शहर त्यात आहे : राजवाडा, चर्च, घरं, गलबतं. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात, त्यामागोमाग आलेल्या लाटांत आणि आगीत यातलं कितीतरी नष्ट झालं. राजवाडाही गेला. जुनं लिस्बन कसं दिसायचं, हे शोधणाऱ्या अभ्यासकांना आजही या चित्राकडे यावं लागतं. म्हणून शक्य असेल तर आधी शहराचा मध्यभाग फिरा आणि मग इथे या. सरळ आखलेले रस्ते भूकंपानंतरचे आहेत, हे चित्रासमोर उभं राहिल्यावर लख्ख कळतं.

मठाचं चर्चही चुकवू नका. वर सोनेरी लाकूडकाम, खाली निळी डच पॅनेल्स. पोर्तुगालने टाइल्स बाहेरूनही मागवल्या, याचा हा पुरावा.

संग्रहालय सांता अपोलोनिया स्टेशनच्या पूर्वेला आहे, जवळ मेट्रो नाही, बस किंवा टॅक्सी घ्या. सोमवारी बंद असतं. दुरुस्तीमुळे संग्रहालय किंवा त्याचा काही भाग बंद असू शकतो, म्हणून निघण्याआधी त्यांचं संकेतस्थळ बघा. वेळ कमी पडला तर विसाव्या शतकाची दालनं भराभर उरका, पण वरचा मजला सोडू नका.