गोळ्या घेतल्या, पण गिळल्या का?

बेटा,

वैनगंगेकाठच्या आरोग्य उपकेंद्रात तुझी नेमणूक झाल्याचं कळलं. हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायची मोहीम तोंडावर आली आहे आणि सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. गोळ्यांच्या खोक्यापासून करू नकोस. घमेलं, साबण आणि सुती फडकं घे आणि ज्यांचे पाय आधीच सुजलेत त्यांच्या घरी जा.

माझं उलट झालं होतं. पहिल्या वर्षी मी भराभर रजिस्टर भरलं. महिन्याभरानं एका घरी पाणी प्यायला थांबलो, तर कुडात खोचलेल्या पुडीत अख्ख्या घराच्या गोळ्या तशाच! म्हातारी म्हणाली, "घेतल्या ना बापा, ठेवल्या हायेत जपून." तिचा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. आधी खाल्ल्या होत्या तिनं, पण सूज काही उतरली नाही. गोळीनं जुनी सूज जात नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. मग तिचा धडधाकट मुलगा कशाला गिळेल?

त्या मुलालाच तुला समजवायचं आहे. हत्तीरोगाचे जंत अंगात सहा-आठ वर्षं जगतात आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. त्यांची पिल्लं रात्री रक्तात उतरतात, म्हणून तर रक्तनमुने आपण रात्री दहानंतर घेतो. घाण पाण्यातला क्यूलेक्स डास ती एकाकडून दुसऱ्याकडे नेतो. डीईसी, अल्बेंडाझोल, आयव्हरमेक्टिन ही औषधं मुख्यतः ती पिल्लं मारतात. एकूण लोकसंख्येतल्या किमान 65 टक्के लोकांच्या पोटात औषध गेलं, तरच फेरीला अर्थ आहे. श्रीलंकेनं 2016 साली सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हा रोग हटवला. आपल्या देशानं 2027 ठरवलंय.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत दिवसा घरी कुणी सापडत नाही. संध्याकाळी जा, जेवणं झाल्यावर. उपाशीपोटी नको. गोळी तुझ्या डोळ्यांदेखत गिळायला लाव. "ठेवून जा, मग खातो" म्हणणाऱ्याजवळ पाट ओढून बस. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं वगळ. कुणाला ताप येईल, चक्कर येईल. मरणाऱ्या पिल्लांमुळे ते होतं, हे आदल्या दिवशीच सांगून ठेव. दुसऱ्या दिवशी सांगितलं तर ती सबब वाटते.

आता घमेल्याकडे. पाय साध्या पाण्यानं, साबणानं हळू धुवायचा. बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या, चिरा पडल्या असतील तर मलम लावायचं, बसताना पाय उंच ठेवायचा. एवढ्यानं वारंवार येणारा ताप आणि ठणका कमी होतो. त्या म्हातारीला पुन्हा रोवणीला जाता आलं नाही, पण तापानं अंथरूण धरणं थांबलं. पुढच्या फेरीत शेजारच्या घरांना गोळ्या खायला तिनंच लावल्या. मी नुसता मागे उभा.

याच रोगाचं आणखी एक दुखणं तुला कोणी आपणहून सांगणार नाही: अंडवृद्धी, म्हणजे अंडकोषात पाणी साचून येणारी सूज. पुरुष लाजतात, बायको बोलत नाही. ते शस्त्रक्रियेनं बरं होतं. शस्त्रक्रिया झालेला एखादा गावकरी शोध, पुरुष आरोग्य सेवकाला सोबत घे आणि यादी त्यांनाच करू दे. धानकापणी आटोपली की लोक मोकळे होतात. शिबिराची तारीख तेव्हाची माग.

तुझा,
काका