स्पर्धा बघायची की कारभार?

प्रश्न : विप्रो कंपनी आमच्या अमळनेरातच सुरू झाली, त्यामुळे इथं शेअर घरोघरी माहीत, पण कंपनी निवडताना स्पर्धा बघायची की कारभार? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : दोन्ही बघा भाऊ, पण जिथं स्पर्धा कमी तिथं कारभार जास्त बारकाईनं. जळगावच्या दाणाबाजारात कोणी खडे असलेली डाळ विकली तर गिऱ्हाईक सरळ शेजारच्या दुकानात जातं, म्हणजे स्पर्धाच मालकाला धाकात ठेवते, पण एकट्याचंच राज्य असलं की पैसा उधळला तरी लवकर कळत नाही, मग तिथं स्वतंत्र संचालक (मालकाशी लागेबांधे नसलेले) आणि हिशोब तपासणारे ऑडिटर हेच राखणदार. आणि हिशोबच खोटा असेल तर? सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचं बघा ना, ७ जानेवारी २००९ ला घोटाळा कबूल झाला अन् एका दिवसात शेअर ७५ टक्क्यांहून जास्त पडला. प्रवर्तकांचे, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांचे, किती शेअर गहाण आहेत, नातलगांच्या कंपन्यांशी काय व्यवहार झालेत, ते आधी वाचा.