खोटं बोललो नाही तरी घाम का फुटतो?

"मॅडम, मी खरं तेच सांगितलं तरी माझ्याकडे चोरासारखं का बघतात?" नोकरी शोधणारे बरेच जण हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात, म्हणून त्यातल्या एका मुलाबद्दल लिहिते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

पहिल्या दिवशी मांडीवर फाइल घट्ट धरून बसला होता आणि सारखे तळहात पँटला पुसत होता. इंटरव्ह्यू छान झालेला, मग व्हेरिफिकेशनवाल्यांनी जुन्या कंपनीत फोन लावला तर तिकडून उत्तर आलं की या नावाचं आमच्याकडे कोणी नव्हतंच. आता हा दोन वर्षं रोज तिथेच बसून काम करत होता, पण पगार एजन्सीकडून यायचा, म्हणजे कागदावर तो एजन्सीचा माणूस. दोन मिनिटांत उलगडा झाला असता, पण एचआरने बोलावून थेट विचारलं, "हे खोटं का लिहिलंत?" झालं, याची जीभ अडखळली, नजर खाली गेली आणि समोरच्याने तीच कबुली धरली.

मला याचा खरंच त्रास होतो. घाबरलेला माणूस आणि खोटं बोलणारा माणूस वरून बरेचदा सारखेच दिसतात हो. बाँड आणि डीपॉलो या संशोधकांनी २००६ मध्ये दोनशेच्या वर अभ्यास एकत्र तपासले, तर नुसतं बघून-ऐकून खरं-खोटं ओळखताना लोक सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर निघाले, म्हणजे छापा-काटा करण्यापेक्षा जेमतेम बरं, आणि एवढ्यावर कुणाची नोकरी जाते.

त्याच्या मनात मात्र पक्कं बसलेलं, "माझ्यातच काहीतरी असणार." मग सरावासाठी मी एचआर झाले आणि तोच प्रश्न त्याच आवाजात विचारला. तो दरवेळी "सॉरी सर"नेच सुरुवात करायचा, चूक नसताना! त्या एका सॉरीवर आमची दोन सेशन गेली. बाकीची कामं सोपी होती, रेझ्युमेत कंपनीच्या नावाखाली 'अमुक एजन्सीमार्फत' असं लिहायचं, सॅलरी स्लिप आणि एजन्सीचं लेटर फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवायचं, आणि कोणी संशय घेतलाच तर "नेमकं काय जुळलं नाही ते मेलवर कळवा, मी कागद पाठवतो" एवढंच शांतपणे म्हणायचं. ज्यांनी त्याला खोटं ठरवलं होतं त्यांनाही त्याने असा मेल टाकला, उत्तर आलं नाही, त्याचं वाईट वाटलंच.

परवा फोन आला, नवीन ठिकाणी इंटरव्ह्यू देऊन नुकताच बाहेर पडलेला. "हात ओले होतेच मॅडम, पण त्यांनी विचारायच्या आधीच मी एजन्सीचं लेटर टेबलावर ठेवलं आणि मग बोललो." निकाल अजून यायचाय.