दगडाची उशी कोरताना

प्रिय बाळ,

तुझ्या शाडूच्या मॉडेलचे फोटो पाहिले. संगमरवरात उशी कोरायची, ही कल्पना मला मनापासून आवडली. पण तुझी उशी फुगलेली दिसते, मऊ दिसत नाही. चुण्या भरपूर आहेत, कडेची शिवणही आहे, मात्र उशी कुठेच दबलेली नाही. भाराखाली वस्तू कशी वागते ते दाखवलंस, तरच ती मऊ वाटेल.

पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात निजलेल्या हर्माफ्रोडायटसचं, म्हणजे ग्रीक पुराणकथेतल्या एका पात्राचं, प्राचीन रोमन शिल्प आहे. त्याखालची गादी मात्र इटालियन शिल्पकार बर्निनीने १६२० मध्ये संगमरवरात कोरली. देहाचा भार जिथे पडतो तिथे ती खचते आणि बाजूने वर उचलली जाते. बघणाऱ्याला बोट लावून पाहायचा मोह होतो तो त्या खचण्यामुळे.

म्हणून घरातली जुनी कापसाची उशी घे. फोमची नको, ती लगेच पूर्ववत होते. उशीवर डोकं टेकून थोडा वेळ पड, मग उठून खळग्याचं रेखाटन कर. कापूस कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे अभ्र्याचे कोपरे रिकामे, चपटे पडतात. आत कापसाच्या गाठी झालेल्या असतात, त्यांचे उंचवटे वर कळतात. चुण्या मनाने काढू नकोस. प्रत्येक चुणी कुठल्या तरी ताणातून निघते, ती जागा आधी शोध.

हेच आपल्याकडे बघायचं असेल तर मळवलीला उतरून भाजे लेण्यात जा. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातलं ते चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, लाकडी बांधकामाची नक्कल आहे. तिथले खांब आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा बाहेरचा रेटा पेलायला असा कल लागतो. अखंड डोंगरात कोरलेल्या खांबाला त्याची काहीच गरज नव्हती. तरी कारागिरांनी तो कोरला! लाकूड भार कसं घेतं ते त्यांच्या हाताला ठाऊक होतं. मला तर तिथे उभं राहिलं की दर वेळी भरून येतं.

रंग अजिबात देऊ नकोस. पांढरा दगड आणि पांढरा अभ्रा एवढं साम्य पुरे. पॉलिशही नको. चकाकी आली की दगड लगेच ओळखू येतो. बारीक पाणपेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा सँडपेपर, मारून थांब. खळग्यात मात्र एखादा हात जास्त फिरव, वापराने कापड तिथे गुळगुळीत झालेलं असतं.

कोपरे शेवटी कर. तोवर त्यांच्याखाली दगडाचा आधार राहू दे आणि पातळ झाल्यावर तिथे छिन्नी-हातोडा चालवू नकोस, कानशीने उतरव. शिवण खोल कोरून सावली पडू दे. नुसती रेघ लांबून दिसणार नाही.

आधी मॉडेल पुन्हा कर. ते जमलं की मग दगड बघायला जा, आणि दुकानात त्यावर पाणी ओतायला सांग. ओला झाला की शिरा स्पष्ट दिसतात. कोपरा येणार तिथून शीर जात असेल, तर कितीही स्वस्त मिळाला तरी तो दगड घेऊ नकोस. कोपरा नेमका तिथूनच उडेल.

तुझा,
काका