वाचकांचे प्रश्न : स्वस्त गिटारचे पिकअप बदलताना

प्रश्न : माझ्याकडे तीन सिंगल-कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांचे कंपन टिपून विजेच्या संकेतात बदलणारा भाग; सिंगल-कॉइल म्हणजे एकाच वेटोळ्याचा), स्ट्रॅटोकास्टर धाटणीची स्वस्त गिटार असून गणेशोत्सवात मंडळाच्या ऑर्केस्ट्रात मी ती वाजवतो. ब्रिजजवळच्या (तारांच्या खालच्या आधारापाशी असलेल्या) पिकअपचा आवाज फार कर्कश येतो आणि गिटार सतत गुणगुणते. तिन्ही पिकअप काढून जबरदस्त आउटपुटचे हंबकर (दोन कॉइलचे पिकअप) बसवावेत, असे मित्र सुचवतात. पाच हजार रुपयांच्या आत काय घ्यावे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपल्या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांतील पहिली कदाचित एकही पिकअप न बदलता दूर होईल. पारंपरिक स्ट्रॅट जोडणीत एक टोन-नॉब नेकच्या (गिटारच्या मानेजवळच्या) आणि दुसरा मधल्या पिकअपला जोडलेला असतो. ब्रिजच्या वाट्याला कोणताच येत नाही, त्यामुळे तिथला तीव्रपणा उतरवण्याची सोयच नसते. पिकअप निवडण्याच्या पाचमार्गी स्विचवर वायरचा छोटा तुकडा जोडला की खालचा टोन-नॉब ब्रिजसाठीही चालतो. पिकगार्ड (पिकअप बसवलेली वरची पट्टी) उघडलेच आहे तर पोटेन्शिओमीटरवरील (नॉबखालच्या बदलत्या रोधावरील) आकडाही पाहावा, कारण सिंगल-कॉइलसाठी साधारणतः २५० किलोओहमचे वापरतात आणि ५०० चे असल्यास आवाज अधिक बोचरा होतो. सोल्डरिंगचे सामान आपल्याला महाराणी रोडवर मिळेल; पोटेन्शिओमीटर मात्र गिटारसाठीचेच मागवावेत, नाहीतर दांडा आणि नॉब जुळत नाहीत.

मग पिकअपची उंची तपासावी. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तिच्यापासून पोलपर्यंतचे (पिकअपमधील चुंबकाच्या टोकापर्यंतचे) अंतर जाड तारेखाली सुमारे २.४ आणि बारीक तारेखाली सुमारे २ मिलिमीटर ठेवून सुरुवात करावी आणि पुढचे कानावर सोपवावे.

गुणगुणीचे तसे नाही. सिंगल-कॉइलमध्ये चुंबकाभोवती सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात आणि ते तारांच्या कंपनाबरोबरच आसपासच्या ५० हर्ट्झ विजेचे चुंबकीय क्षेत्रही टिपतात; मंडपातल्या वायरिंगबद्दल तर न बोललेलेच बरे. गिटार घेऊन जागच्या जागी वळून पाहावे. दिशेनुसार गुणगुण कमीजास्त झाली, तर ती कॉइलच्या स्वभावातच आहे. गिटारच्या आतून तांब्याचा पत्रा चिकटवल्याने खरखर घटेल, पण ही गुणगुण जाणार नाही. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावरच हंबकरचा उपाय काढला. त्यात उलट ध्रुवांची आणि उलट जोडलेली दोन कॉइल असल्याने बाहेरची गुणगुण परस्परांत विरते आणि तारांचा स्वर मात्र एकमेकांत मिळतो. हीच युक्ती आपल्या गिटारमध्ये आधीच असू शकते : स्विचच्या दुसऱ्या व चौथ्या स्थानावर, म्हणजे मधला पिकअप शेजारच्याबरोबर चालतो तिथे, गुणगुण लक्षणीय घटत असेल, तर मधला पिकअप उलट ध्रुवाचा आहे आणि त्याला हात लावण्याचे कारण नाही.

एवढे करूनही समाधान झाले नाही, तर फक्त ब्रिजचा पिकअप बदलावा. पूर्ण मापाच्या हंबकरसाठी पिकगार्ड बदलावा लागतो आणि पुष्कळदा लाकूडही कोरावे लागते, म्हणून सिंगल-कॉइलच्याच मापाचा रेल हंबकर घ्यावा, असे माझे मत आहे. त्यात सुटे पोल नसून सलग पट्ट्या असतात, त्यामुळे पोलमधील अंतर ५० की ५२ मिलिमीटर, हा प्रश्नच उरत नाही. सेमूर डंकन किंवा डिमार्झिओ यांचे पिकअप नावाजलेले आहेत, पण आपल्या गिटारच्या मानाने तो खर्च मला पटत नाही. विल्किन्सन किंवा आर्टेक यांच्या मालिकांत शोधावे. सिरॅमिक चुंबक म्हणजे हलका माल, ही समजूतही सोडावी. मित्रांचा ‘जबरदस्त आउटपुट’चा सल्ला मात्र मानू नये, कारण एकाच पिकअपचा आवाज मोठा झाला की गाण्याच्या मध्येच स्विच फिरवताना बाकीचे दोन पडेल वाटतात. जाहिरातीतील रोधाच्या आकड्यावरूनही आउटपुट ठरवू नये; अधिक बारीक तार वापरली तरी तो आकडा वाढतो.

घेताना चार जोडणी-तारांचा आणि वेगळ्या शील्डचा (तारांभोवतीच्या संरक्षक वेष्टनाचा) पिकअप निवडावा. बसवल्यावर दुसऱ्या स्थानावर आवाज पोकळ व क्षीण आला, तर नव्या पिकअपची फेज उलटी आहे, म्हणजे त्याचा स्वर मधल्या पिकअपच्या स्वराला छेदतो, असे समजावे आणि शील्ड आहे तशीच अर्थला ठेवून सिग्नलची व अर्थची जोडणी परस्परांत बदलावी.